पोर्टलंडमध्ये प्यालेली बिअर साताऱ्यात तशी का लागली नाही?

संगममाहुली

नमस्कार मंडळी.

गेल्या सप्टेंबरात लेकीकडे, ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात, सव्वा महिना राहण्याचा योग आला. तोपर्यंत अमेरिकन बिअर म्हणजे रंगवलेले पाणी अशी माझी पक्की समजूत होती, आणि ती समजूत आमच्या मित्रमंडळात सर्वमान्यही होती. जावईबापूंनी एका संध्याकाळी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरील एका छोट्या बिअरशाळेत नेले. तिथे टाक्या डोळ्यांसमोर, गिऱ्हाईक बाकांवर, आणि बाकांखाली त्यांची कुत्री, असा सगळा घरगुती थाट होता. पुढ्यात आलेल्या पेल एलचा (फिक्या रंगाच्या, सुवासिक बिअरच्या एका प्रकाराचा) पहिला वास घेतला आणि मला आमच्या परसातल्या पपनसाची साल सोलल्यासारखे वाटले. मागोमाग पाइनच्या चिकासारखा उग्रपणा, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा, पण नकोसा न वाटणारा कडवटपणा. साठी उलटल्यावर एखाद्या पदार्थाबद्दलचे मत मुळापासून बदलण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. तो एक आला.

परतल्यावर मित्रांना ही चव दाखवावी म्हणून पुण्यातील एका दुकानातून त्याच प्रकारच्या अमेरिकन बिअरचे दोन डबे बरीच किंमत मोजून आणले. एक डबा चौघांनी मिळून उघडला. पपनसाचा मागमूस नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास, मधासारखा गुळमट गोडवा, आणि रंगही अपेक्षेपेक्षा गडद. मित्र हसले. 'एवढ्या पैशांत दोन किलो कंदी पेढे आले असते,' हे सौभाग्यवतींचे मत मला त्या क्षणी खोडून काढता आले नाही.

माझा मुख्य प्रश्न असा, की दोष कोणाचा? बिअरचा, दुकानाचा, की माझ्या आठवणीचा? दुसरे असे, की जावईबापूंच्या सांगण्यानुसार ७ एप्रिल हा तिकडे बिअरचा दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी सहा मित्रांना शेतावरच्या घरी बोलावून अमेरिकन बिअरची नीट ओळख करून द्यावी असे मनात आहे. काय ठेवावे, कोणत्या क्रमाने, सोबत खायला काय? एका मित्राचा आग्रह आहे की, साहित्य मागवून घरीच बिअर गाळून पाहू. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हरिपूरचा वाटसरू

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण मी एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षे काढली आणि आता सांगलीत निवृत्त आयुष्य जगतो आहे. आपली आठवण खरी आहे. दोष प्रवासाचा आणि उष्णतेचा आहे.

बिअरमध्ये चार गोष्टी असतात: पाणी, सातूचे माल्ट, यीस्ट आणि हॉप्स. नाचणीला मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो, त्याच रीतीने सातूला मोड आणून भट्टीत वाळवले की माल्ट होते. हॉप्स ही वेलीवर येणारी, हिरव्या कागदी पाकळ्यांची बोंडे. त्यांच्यातील पिवळ्या पुडीत दोन प्रकारचे ऐवज असतात. कडू आम्ले दीर्घकाळ उकळल्यावर बिअरमध्ये उतरतात आणि पुष्कळ दिवस टिकतात. सुगंधी तेले मात्र उकळताना उडून जातात, म्हणून सुगंधासाठीचे हॉप्स उकळ संपताना किंवा थेट थंड टाकीत घालतात. आपल्याला जो पपनसाचा वास आला तो या तेलांचा. ती हवेतल्या प्राणवायूपुढे आणि उष्णतेपुढे फार लवकर हार मानतात.

दर दहा अंश तापमानवाढीला शिळेपणाचा वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा अधिक होतो, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. आपला डबा समुद्रमार्गे कंटेनरमधून आला असणार, मग गोदाम, मग टेम्पो, मग दुकानाचे फळकूट. ओल्या पुठ्ठ्याचा वास ज्या द्रव्याचा असतो त्याचे नाव ट्रान्स-२-नोनेनाल. पाण्याच्या अब्जावधी थेंबांत त्याचे एखाद-दुसरे दशांश थेंब असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते. मधाचा वास आणि गडद रंग हीदेखील ऑक्सिडेशनचीच, म्हणजे प्राणवायूशी झालेल्या संयोगाचीच, खूण आहे.

सांगलीकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. आमच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत असत. पेवाचे तोंड बंद केले की आतला प्राणवायू संपतो, कीड जगत नाही, आणि हळदीचा रंग-वास वर्षानुवर्षे टिकतो. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, कारण आत श्वास घेण्याजोगी हवाच नसे. हॉप्सचेही नेमके तेच करतात: काढणीनंतर साधारण साठ अंशांच्या आसपास वाळवतात, दाबून गोळ्या करतात, हवा काढलेल्या पिशव्यांत भरतात आणि शीतगृहात ठेवतात. एवढे सगळे सांभाळून बनवलेली बिअर शेवटी उन्हात तापलेल्या टेम्पोत घालायची, म्हणजे पेवातली हळद काढून पावसात वाळत घालण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आली नसेल. आपण सप्टेंबरात गेलात. हॉप्सची काढणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर एवढीच चालते, आणि त्या दिवसांत तिकडच्या बिअरशाळा न वाळवलेले ओले हॉप्स वेलीवरून उतरवल्यापासून एका दिवसाच्या आत टाकीत घालून खास बिअर करतात. पोर्टलंडपासून ही शेती हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या पेल्यात तसे ओले हॉप्स असोत वा नसोत, वर्षातल्या सर्वांत ताज्या महिन्यात आपण सर्वांत ताज्या जागी होता. तुलना त्याच्याशी आहे. डब्याला बिचाऱ्याला पहिल्यापासून हरायचेच होते.

शब्दाबद्दल एक विनंती. दारू गाळतात, बिअर गाळत नाहीत. दारूच्या बाबतीत गाळणे म्हणजे वाफ करून पुन्हा थंड करणे. बिअर आंबवतात.

मिलवॉकीतला कराडकर

काका, नमस्कार. मी मूळचा कराडचा, गेली बावीस वर्षे विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकीत आहे. पाब्स्ट, श्लिट्झ आणि मिलर या तिन्ही घराण्यांचे हे गाव, म्हणून 'रंगवलेले पाणी' हा शब्दप्रयोग वाचून मला थोडे लागले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मन स्थलांतरितांनी येथे लागर आणली. थंड तळघरात, संथपणे, आठवडेच्या आठवडे मुरवायची ही बिअर. अडचण अशी झाली, की अमेरिकेत मुबलक असलेल्या सहा रांगी सातूत प्रथिने जास्त, त्यामुळे बिअर गढूळ होई आणि जड लागे. मात्र त्याच सातूत पिष्टाची साखर करणारी एन्झाइम्सही भरपूर होती. मग या मंडळींनी त्यात मका किंवा तांदूळ मिसळला: प्रथिने पातळ झाली आणि जास्तीच्या एन्झाइम्सनी मक्या-तांदळाच्या पिष्टाचीही साखर करून टाकली. तांदळाला केवळ काटकसर म्हणणारे ही बाजू विसरतात. सेंट लुइसमध्ये १८७६ साली बाजारात आलेल्या बडवायझरमध्ये तांदूळ आहे, आणि तिचे कारखानदार ॲडॉल्फस बुश यांनी पाश्चरीकरण आणि बर्फाने थंड ठेवलेले रेल्वेचे डबे वापरून ती देशभर पोहोचवली. वाटसरूंनी सांगितलेला शीतसाखळीचा धडा त्यांनी तेव्हाच गिरवला होता. शिवाय अशा फिक्या लागरमध्ये लपायला जागा नसते. हॉप्सचा भडिमार केलेल्या एलमध्ये, म्हणजे लागरपेक्षा उबेत आणि लवकर आंबणाऱ्या बिअरमध्ये, एखादी चूक झाकली जाते. लागरमध्ये चूक झाली तर ती पहिल्या घोटाला समोर येते. पिठल्यात थोडे चुकले तर मिरची सांभाळून घेते, साध्या वरणात कोण सांभाळणार?

आता ७ एप्रिलबद्दल. जानेवारी १९२० मध्ये येथे देशव्यापी दारूबंदी लागू झाली. बिअरवाल्यांनी जगण्यासाठी जे जे केले ते वाचण्यासारखे आहे. पाब्स्टने चीज केले, बडवायझरवाल्यांनी पावाचे यीस्ट विकले, आणि पेनसिल्वेनियातील पॉट्सव्हिलच्या युएंगलिंगने, जी १८२९ पासून आजतागायत चालू असलेली देशातील सर्वांत जुनी बिअरशाळा आहे, चक्क दुग्धालय काढून आइस्क्रीम विकले. पूर्ण बंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. पण त्याआधी, त्याच वर्षीच्या ७ एप्रिलला, वजनाने ३.२ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या बिअरला परवानगी मिळाली. म्हणजे हा दिवस हलक्या बिअरच्या सुटकेचा आहे. त्या दिवशी आपण फक्त आयपीए (इंडिया पेल एल, म्हणजे जास्त हॉप्सची, जास्त कडू पेल एल) ठेवली तर औचित्यभंग होईल, असे माझे मत.

तुम्ही पोर्टलंडमध्ये जे प्यालात त्याची कथा यानंतरची. घरी वाइन करण्याची मुभा बंदी उठल्यापासून होती, पण घरगुती बिअर बेकायदाच राहिली. कारखाने एकमेकांना गिळत गेले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस साऱ्या देशात शंभराहून कमी बिअरशाळा उरल्या. याच काळात काही वेडे लोक उलट्या दिशेने निघाले होते. फ्रिट्झ मेटॅग यांनी, धुलाईयंत्रे बनवणाऱ्या घराण्यातल्या या तरुणाने, १९६५ मध्ये बुडत चाललेली सॅन फ्रान्सिस्कोची अँकर बिअरशाळा विकत घेतली. १९७६ मध्ये जॅक मकॉलिफ यांनी कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे न्यू ॲल्बियन सुरू केली; स्कॉटलंडमध्ये नौदलाच्या नोकरीत असताना त्यांना तिकडच्या एलची गोडी लागली होती. सहा वर्षांत ती बंद पडली, तरी वाट पडली. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरवरील केंद्रीय बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, विक्री नाही. आज येथे नऊ हजारांहून अधिक बिअरशाळा आहेत आणि त्यांपैकी कितीतरींचा पहिला घाणा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात किंवा गॅरेजमध्ये शिजला आहे.

मला यातली सर्वांत आवडती व्यक्ती म्हणजे केन ग्रॉसमन. कॅलिफोर्नियातील चिको गावी त्यांनी जुन्या दुग्धालयांची भंगारात निघालेली भांडी गोळा करून, स्वतः जोडकाम करून सिएरा नेवाडा बिअरशाळा उभारली आणि १९८० मध्ये पहिली बिअर काढली. तुमच्या पपनसाचे मूळ तिथे आहे. कॅस्केड नावाचे हॉप्स ओरेगनमधील कॉर्व्हालिसच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार होऊन १९७२ मध्ये प्रसारित झाले होते. त्यांच्या फळांसारख्या वासाला पारंपरिक बिअरवाले नाके मुरडत. अँकरने १९७५ मध्ये आणि पुढे ग्रॉसमन यांनी आपल्या पेल एलमध्ये तोच वास पुढे आणला. भिलवडीच्या परिसरात वाढलेल्या कोणालाही दुधाच्या टाक्या ओळखीच्या असतात; त्या टाक्यांतून एका देशाची चव बदलली, याचे मला अजून नवल वाटते.

यवतेश्वर पायथा

घरी बिअर आंबवण्याविषयी थोडक्यात लिहितो. कार्टर यांची सही महाराष्ट्रात चालत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, मग ते घरच्या पाच लिटरच्या बादलीत का असेना. बाळगण्या-पिण्याचाही परवाना लागतो आणि बिअरसाठी वयाची मर्यादा २१ वर्षे आहे. साहित्य मागवण्याचा नाद सोडावा. तसेच शेतावरून परतताना गाडी कोण चालवणार हे पेले भरण्यापूर्वी ठरवावे. रात्रीच्या वेळी महामार्गावर चर्चा करत बसू नये.

संगममाहुली

सर्वांचे आभार. गाळण्याचा आणि आंबवण्याचा भेद आता आयुष्यभर विसरणार नाही, आणि 'रंगवलेले पाणी' हे शब्द कराडकरांची क्षमा मागून परत घेतो. घरगुती प्रयोगाचा विषय मित्राला कळवला. तो रुसला आहे.

एक शंका उरते. हॉप्स आपल्याकडे लावता येत नाहीत का? महाबळेश्वराला थंडी आहे, स्ट्रॉबेरी येते. मग हीच वेल का नको?

हरिपूरचा वाटसरू

थंडीचा प्रश्न नाही, दिवसाच्या लांबीचा आहे. अमेरिकेतील बहुतांश हॉप्स वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात होतात. ते ४६ अंश अक्षांशाच्या वर आहे; जूनमध्ये तिथला दिवस जवळजवळ सोळा तासांचा असतो. वेल त्या लांब उजेडात पंधरा-वीस फूट चढते आणि दिवस आखडू लागले की फुलोऱ्यावर येते. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या किंचित पुढे जातो, त्यामुळे वेल उंच होण्याआधीच फुलायला बघते आणि बोंडे मूठभर येतात. महाबळेश्वराची उंची थंडी देईल, अक्षांश देणार नाही. आपल्या देशात हॉप्स घेतले गेले ते हिमाचलातील लाहौलमध्ये, यामागचे एक कारण हेच.

आता आपल्या संध्याकाळच्या बेताबद्दल माझा स्पष्ट सल्ला: आयात केलेला एकही डबा ठेवू नका. अमेरिकन बिअरचा सन्मान अमेरिकेचा शिक्का असलेल्या शिळ्या डब्याने होत नाही. ती पद्धत वापरून येथे तयार झालेल्या ताज्या बिअरने होतो. बडवायझर आता भारतातच बनते. डब्याच्या बुडावर निर्मितीची तारीख असते. सहा आठवड्यांच्या आतली मिळाली तर घ्या, आणि दुकानातही शीतकपाटातलीच घ्या. दुसरी म्हणून एखाद्या भारतीय कंपनीची, अमेरिकन हॉप्स वापरलेली पेल एल ठेवा, तारखेची हीच अट पाळून. पुण्यात २००९ मध्ये डूलाली नावाच्या कंपनीने छोट्या बिअरशाळेची सुरुवात केली. आता तिथे अशा अनेक जागा आहेत. आयपीए प्यायची असेल तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पुण्याला जाऊन टाकीजवळ बसून प्यावी. ती साताऱ्यात आणण्याचा हट्ट नको.

हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली टाळा. उजेड लागला की हॉप्सच्या कडू द्रव्यापासून गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बिअरला कुबट, प्राण्यासारखा वास येतो. तपकिरी काच हा उजेड बऱ्याच अंशी अडवते, डबा पूर्ण अडवतो.

मिरजेची सुगरण

मी स्वतः अर्ध्या पेल्यापुढे जात नाही, परंतु आमच्या घरी या विषयावर वाद नेहमी होतात, म्हणून खाण्याबद्दल लिहिते.

भडंग हवेच. सांगलीच्या भडंगाचा लसूण, खोबरे आणि शेंगदाणे यांच्यासमोर गार लागर इतकी शोभते, की मला तर ते दोन्ही एकमेकांसाठीच झाले असावेत असे वाटते. मात्र एक खबरदारी घ्यावी. भडंगाचे तेल ओठांना लागते आणि ते पेल्याला लागले की बिअरचा फेस तत्क्षणी बसतो. मग लोक बिअरला नावे ठेवतात. कागदी रुमाल जवळ असू द्यावेत. पेलेही साबणाने धुतल्यावर दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढावेत आणि फडक्याने न पुसता उपडे ठेवून निथळू द्यावेत, कारण साबणाचा अंश फेसाचा तेलाइतकाच वैरी आहे.

मटणाचा तांबडा रस्सा करणार असाल तर त्याच्यासोबत कडू पेल एल देऊ नये. मिरचीची जळजळ अल्कोहोलने आणि बुडबुड्यांनी वाढते, आणि कडवटपणाने ती अधिक टोचते. पुरुषमंडळी हे मान्य करत नाहीत, डोळ्यांतून पाणी काढत पीत राहतात. रस्स्यासोबत फिकी लागर, आणि पेल एल आधी, भडंग किंवा भाजलेल्या शेंगा असताना, वेगळी द्यावी. म्हणजे क्रम असा होतो: लागर, पेल एल, आणि जेवणाला पुन्हा लागर. पेले फ्रीझरमध्ये गोठवू नयेत; इतक्या थंडीत जीभ बधिर होते आणि पपनसाचा वास पेल्यातून वरच येत नाही.

मिलवॉकीतला कराडकर

सुगरणताईंशी पूर्ण सहमत. काकांनी मित्रांना सांगावी अशी एक गंमत मात्र राहून गेली. १७५७ सालच्या, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हाताने लिहिलेल्या वहीत हलक्या बिअरची कृती आहे; ती वही न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. त्यात सातू नाही. कोंडा आणि हॉप्स तीन तास उकळायचे, गाळून ३० गॅलन पाणी घ्यायचे आणि त्यात ३ गॅलन मळी घालायची. म्हणजे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष ऊसवाल्यांच्या पंगतीतला निघाला. कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या सभासदांनी याची नोंद घ्यावी. करून मात्र पाहू नये; वर यवतेश्वरकरांनी कायदा सांगितलाच आहे.

संगममाहुली

७ एप्रिलची संध्याकाळ पार पडली, म्हणून वृत्तांत देतो.

बडवायझर पाच आठवड्यांपूर्वीची मिळाली. पेल एल तीन दुकाने पालथी घातल्यावर, जेमतेम महिन्याची. दुकानदाराने 'तारीख कोण बघतं साहेब' असे म्हणून माझ्याकडे संशयाने पाहिले. चालक म्हणून धाकट्या पुतण्याची नेमणूक केली आणि त्याला सोलकढी दिली.

वाटसरूंचा सल्ला एका बाबतीत मोडला. पुण्याहून आणलेला दुसरा डबा माझ्याकडे उरला होता, तो मी मुद्दाम उघडला. सर्वांना डोळे मिटायला सांगून आधी ताज्या पेल एलचा वास दिला, मग त्या डब्याचा. पहिल्या खेपेस हसलेले निवृत्त तलाठी मित्र बराच वेळ दोन्ही पेले आलटूनपालटून नाकाशी नेत राहिले आणि मग म्हणाले, 'हे फळ आहे, आणि हा आमच्या कचेरीतला पावसाळ्यातला दप्तराचा गठ्ठा.' ताजी पेल एल पोर्टलंडच्या जवळ गेली का, तर अर्ध्या वाटेपर्यंत गेली असे म्हणेन. लागर मात्र रस्स्यासोबत सर्वांत आधी संपली, आणि कराडकरांचे वरणाचे उदाहरण मी स्वतःचे म्हणून सांगितले, त्याबद्दल क्षमस्व. मळीची गोष्ट ऐकून शेजारच्या ऊसवाल्या पाहुण्यांनी वॉशिंग्टनला कारखान्याने काय भाव दिला असता यावर अर्धा तास घेतला.

ऑगस्टअखेर आम्ही पुन्हा लेकीकडे जात आहोत. याकिमा तिच्या घरापासून मोटारीने तीन तासांच्या आसपास आहे असे जावईबापू म्हणतात. हॉप्सची काढणी आणि वाळवणीची भट्टी कोणी प्रत्यक्ष पाहिली असल्यास, कोणत्या आठवड्यात जावे आणि शेतकरी परक्या माणसाला आत येऊ देतात का, हे कळवावे. सौभाग्यवतींनी सोबत नेण्यासाठी कंदी पेढ्यांची बेगमी आतापासूनच सुरू केली आहे.